विश्रांती: कलम तीन पाहा

या, असे जवळ सरकून बसा. दारापाशी बसलात तर ऐकू येईल, पण पोचणार नाही. गोष्ट यंत्रांची आहे, तरी घाबरू नका. तुम्हाला आम्हाला कळणार नाही असं तिच्यात काही नाही. एका दमलेल्या बाईने एक चांगला शब्द खोडला, त्याच्या जागी दुसरा चांगला शब्द लिहिला, आणि त्यापायी एका माणसाचं बोलणं अडून बसलं, त्याची ही गोष्ट. देवाच्या दारात दोन्ही शब्द सारखेच चालतात. नियमाच्या दारात चालत नाहीत.

माणसाने मनात आणावं आणि यंत्राने ते करावं, अशी यंत्रं आता निघाली आहेत. डोक्यावर जाळीची एक टोपी घालतात. मेंदूत जे बारीक संकेत उठतात ते ती टोपी टिपते, आणि समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटतात. ज्याचे हातपाय गेले, जीभ गेली, पण आतला माणूस शाबूत आहे, त्याला या टोपीने बोलता येतं. आता असं यंत्र कुणीही कसंही बनवून कुणाच्याही डोक्यावर बसवू नये, म्हणून त्याचे नियम हवेत. या नियमांच्या पुस्तकाला मानक म्हणतात. ते लिहायला एक समिती बसली होती, आणि चार वर्षं बसली होती. बसली म्हणजे खरोखरच बसली होती. तिसऱ्या मजल्यावर लांबोडकी खोली, खिडक्यांना रंग देताना कुणीतरी फटीही रंगवून टाकल्या होत्या, त्यामुळे त्या उघडत नसत. टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. कागदी पेल्यात चहा, तो गार झाल्यावरच कुणाचं तरी बोलणं संपायचं.

समितीचे अध्यक्ष म्हणजे आयुष्यभर पूल तपासलेले अभियंते. निवृत्त झाल्यावर घरी बायको टिकू देईना म्हणून इथे आले, असं ते स्वतःच सांगत. पोटाच्या गोळ्यांची डबी कायम पुढ्यात. दुसऱ्या एक मेंदूच्या डॉक्टरीणबाई, आवाजाने चढ्या, मनाने मऊ. तिसरा यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, त्याला सगळे नुसतं 'कंपनी' म्हणत. "कंपनीचं काय म्हणणं?" असं विचारलं की तो एकटाच मान वर करायचा. आणखी चारपाच जण होते, पण ते बहुतेक वेळा मान डोलवायला होते.

आणि एक सचिवबाई. हिला मत नव्हतं. बाकीचे बोलायचे ते हिने नियमाच्या भाषेत बसवायचं, पुढच्या बैठकीला वाचून दाखवायचं, मग त्यांनी ते पुन्हा उसवायचं, हिने पुन्हा शिवायचं. घरी लहानपणी हिला 'खोडरबर' म्हणत, कारण पाहुण्यांच्याही बोलण्यातल्या चुका ती काढायची. ते खोडरबर आता पन्नाशी ओलांडून गेलं होतं आणि निम्म्याच्या वर झिजलं होतं.

मानक लिहायचा एक पक्का दंडक असतो: एका गोष्टीला एकच शब्द. एकदा 'कळ' म्हटलं की शेवटपर्यंत कळच, मधेच 'बटण' लिहायचं नाही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं ही दोन वेगळी आहेत. यावरून एक अख्खी दुपार गेली होती.

"कळ म्हटलं की लोकांना पोटातली आठवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या.

"मला तर आत्ताच येतेय," अध्यक्ष गोळी तोंडात टाकत म्हणाले होते. "बटण लिहा आणि पुढे चला."

तर असं पुढे चालत चालत चौथ्या वर्षी मतदान झालं. सगळ्यांनी हात वर केले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तेवढं त्राण कुणात उरलं नव्हतं. मसुदा छपाईला जायच्या आधी शेवटची झाडलोट सचिवबाईंकडे आली. स्वल्पविराम, पानांचे आकडे आणि तोच दंडक, एका गोष्टीला एकच शब्द. सगळं वाचता वाचता त्या नवव्या कलमाशी आल्या. तिथे लिहिलं होतं: 'चाचणीच्या वेळी वापरणारी व्यक्ती निवांत बसलेली असावी.' आता 'निवांत' हा शब्द साऱ्या पुस्तकात एवढ्या एकाच ठिकाणी. इतरत्र सगळीकडे 'विश्रांती'. बाईंचे डोळे चुरचुरत होते. डोक्यात एकच, हे संपलं की घरी जाऊन पाय पसरायचे. त्यांनी 'निवांत बसलेली' खोडलं आणि लिहिलं, 'विश्रांतीत'. वाक्य आटोपशीर झालं. त्यांना बरंही वाटलं.

पण कलम तीनमध्ये विश्रांती या शब्दाचा अर्थ बांधून दिलेला होता. तो कंपनीने लिहिला होता, आणि लिहिला होता टेबलावर ठेवलेल्या, कुणाच्याही डोक्यावर नसलेल्या यंत्रासाठी. 'विश्रांती: संकेतांची पातळी ठरलेल्या रेषेखाली राहते ती अवस्था.' यंत्राला ते अगदी बरोबर होतं. आता बाईंच्या एका फटकाऱ्याने ते जित्याजागत्या माणसाला लागू झालं. टेबलावरचं यंत्र जसं गप्प असतं तसं माणसाने आतून गप्प व्हावं, असा नियम झाला. आणि तो झाला हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण छापून आलेलं पुस्तक लिहिणारे कधी वाचत नाहीत.

आता बाईंच्या भावाकडे वळू.

बाईंचे थोरले भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचे. सोबतचे कामगार त्यांना 'बुवा' म्हणत, कारण तोंडात सतत देवाचं नाव. त्यांचे वडील देवाच्या गोष्टी गाऊन सांगायचे, आणि हा मुलगा पाठीमागे उभा राहून पालुपद धरायचा. वडिलांनी स्वतःच जुळवलेलं साधं पालुपद होतं: 'तू आहेस ना, मग झालं.' वडील गेले, ऐकणारे पांगले, पालुपद मुलाच्या आत राहिलं. लिफ्टच्या अंधाऱ्या विहिरीत दोराला लटकून काम करताना ते म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या लोकांना खालून आवाज चढत येताना ऐकू आला की ते म्हणत, चला, बुवा आले, आता जिने चढायला नकोत.

मानक लागू झालं आणि काही महिन्यांनी बुवांना झटका आला. जगले. पण मानेखालचं सगळं शरीर परकं झालं, आणि जीभही गेली. राहिले डोळे. वर पाहिलं की हो, मिटले की नाही. बायको, म्हणजे सचिवबाईंच्या वहिनी, सकाळपासून शंभर प्रश्न विचारायच्या. पाणी? दुखतंय? पाय? दिवा? कधी कधी शंभर प्रश्न संपायचे, बुवांना जे हवं असायचं ते त्या शंभरात नसायचंच, आणि मग ते डोळे मिटून घ्यायचे. ते 'नाही' म्हणाले की दमले, हे वहिनींना कळायचं नाही.

शहरातल्या रुग्णालयात ते टोपीचं यंत्र आलं होतं, काही महिन्यांपुरतं. ज्यांना जमेल त्यांना शिकवायचं, आणि जमलं की कायमचं घरी द्यायचं. नंतर ते पथक दुसऱ्या गावाला जाणार. बुवांचं नाव लागलं तेव्हा वहिनींनी शेजारणीला मिठी मारली होती.

चाचणीची खोली छोटी होती. भिंतीशी एक फ्रिज, त्यात औषधं. तंत्रज्ञ सभ्य माणूस, खोकल्याची गोळी गालात धरून बोलणारा. त्याने बुवांच्या डोक्याला गार लेप लावला, टोपी बसवली आणि म्हणाला, "काका, आता थोडा वेळ मनात काहीही आणायचं नाही. अगदी काही नाही."

"सांगायला याचं काय जातंय!" वहिनी शेजारी उभ्या नणंदेच्या, म्हणजे सचिवबाईंच्या, कानात म्हणाल्या. "मला कुणी असं सांगितलं तर मला गॅस चालू राहिला की काय, हेच आठवेल."

पडद्यावर एक आडवी रेघ होती. तिच्याखाली बुवांचे संकेत राहायला हवे होते. ते राहीनात. लाटेसारखे उठत, रेघेला शिवत, खाली जात, पुन्हा उठत. अगदी तालात. यंत्राने लाल दिवा लावला.

"गेल्या वेळसारखंच," तंत्रज्ञ म्हणाला.

"म्हणजे परत नापास?"

"नापास नाही म्हणायचं, काकू. पात्र नाही, असं म्हणतात."

"म्हणजे नापासच की हो. नुसता चांगला शर्ट घालून."

सचिवबाई भावाच्या जवळ वाकल्या. त्या लाटांकडे पाहून त्यांना काहीतरी ओळखीचं वाटलं होतं. "दादा, आत चालू आहे का? बाबांचं?"

बुवांचे डोळे वर गेले.

"थांबवून पाहिलंस?"

डोळे वर गेले, आणि तिथेच राहिले. पाहिलं, पाहिलं, पुष्कळ पाहिलं. मग मिटले.

वहिनी पुढे झाल्या. नवऱ्याच्या कपाळावरचा लेप पदराने टिपला. "अहो, जरा वेळ देवाला बाहेर बसवा की. मी त्याला चहा देते, काही रागावणार नाही तो." त्या हसल्या, पण हसू ओठावरच सुकलं. मागे वळून म्हणाल्या, "वन्सं, नवऱ्याला देवाचं नाव घेऊ नका म्हणून सांगायला लागले मी. हे कुठे फेडू?"

पुन्हा एकदा पाहिलं. बुवांनी जीव खाऊन प्रयत्न केला, घाम फुटला त्यांना, आणि लाटा आणखीच उंच उठल्या. आवरायला गेलं की मन वासरासारखं जास्तच उधळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

तंत्रज्ञाने टोपी काढली. तो वाईट माणूस नव्हता. "खरं सांगू का," तो म्हणाला, "यंत्राला या गुणगुणण्याचा काही त्रास नाही. हा फ्रिज बघा, सतत घूं करतोय, पण आपण बोलतोच ना? तसंच. एकदा यंत्राला कळलं की काकांच्या मनात हे कायम असतं, की ते तेवढं वगळून पुढचं ऐकतं. माझ्या हातात असतं तर आजच सुरू केलं असतं. पण मानकात लिहिलंय ना."

"काय लिहिलंय?" सचिवबाईंनी विचारलं.

त्याने पुस्तक काढलं. "कलम नऊ. 'चाचणीच्या वेळी वापरणारी व्यक्ती विश्रांतीत असावी.' आणि विश्रांती म्हणजे, कलम तीन पाहा. तिथे ही रेघ दिलीय. मोठमोठ्या लोकांनी चार वर्षं बसून लिहिलंय, बाई. त्यांनी काही विचार केलाच असेल."

बाईंनी पान पाहिलं. काही शोधायची गरज पडली नाही. स्वतःचा टाका बाई गर्दीतही ओळखते. त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

बाहेर बाकावर त्यांनी वहिनींना सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. 'निवांत' कुठे होतं, 'विश्रांतीत' कसं झालं, सगळं.

वहिनी बराच वेळ मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीच?"

"मीच."

"मग तुम्हीच खोडा."

"ते एवढं सोपं नसतं, वहिनी. छापलेलं बदलायला..."

"लिहिताना सोपं गेलं होतं ना?"

बाईंनी मान हलवली आणि त्या उठल्या.

दुसऱ्या दिवशी कार्यालयाच्या उपाहारगृहात त्यांनी अध्यक्षांना गाठलं. अध्यक्ष दहीभात चिवडत होते. सगळं ऐकून त्यांनी चमचा खाली ठेवला.

"रस्ते दोन," ते म्हणाले. "एक, सुधारणा. मसुदा, हरकती, पुन्हा मसुदा, मतदान. वर्ष तरी गेलं. दुसरा, शुद्धिपत्र. छापताना चूक झाली, मतदानात वेगळा शब्द होता, असं म्हणायचं आणि सगळ्यांनी एका बैठकीत मान्य करायचं. हे आठवड्यात होईल."

"मग शुद्धिपत्रच."

"ऐकून घ्या. त्यासाठी तुम्हाला उभं राहून म्हणावं लागेल की मतदान झाल्यावर, कुणाला न विचारता, तुमच्या हातून नियमाचा अर्थ बदलला. हे एकदा नोंदलं गेलं की तुम्ही त्या खुर्चीत राहू शकत नाही. कुणी ठेवलं तरी पुढचं प्रत्येक पान लोक संशयाने वाचतील. आणि वर रुग्ण तुमचा सख्खा भाऊ. म्हणतील, बाईने भावासाठी नियम वाकवला."

"वाकवला होता तो आधी. मी सरळ करतेय."

"मला कळतंय. लोकांना कळेल का?" त्यांनी डबी उघडली, रिकामी होती, पुन्हा मिटली. "थोडं थांबा ना. पुढच्या आवृत्तीत दुसरं कुणीतरी हे काढेल. मीच काढतो. तुमचं नाव कशाला? निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत तुमची."

"दादाचं यंत्र या आठवड्याअखेर जातंय. मग पुन्हा केव्हा येईल ते कुणी सांगत नाही."

अध्यक्षांनी दहीभात बाजूला सारला. शेवटी म्हणाले, "मी पण दमलोय हो, बाई."

"मीही दमले होते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर झालं हे."

बैठक बोलावली गेली. तीच खोली, तोच पुठ्ठा. चार वर्षं ज्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचं बोलणं टिपलं तिथून बाई उठल्या आणि पहिल्यांदा स्वतःचं बोलल्या. फार बोलल्या नाहीत. कुठला शब्द होता, कुठला केला, का केला, त्याने काय झालं. "आणि हेही सांगते की अडलेल्यांत माझा भाऊ आहे. त्यामुळे तुम्ही ठरवाल तेव्हा मी बाहेर बसेन."

कंपनी म्हणाला, "माझी व्याख्या तर बरोबर होती."

"यंत्रासाठी बरोबर होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाचं मन टेबलावरच्या यंत्रासारखं गप्प झालेलं मी एकदाच पाहिलंय. त्यानंतर आम्ही नातेवाइकांना आत बोलावलं होतं."

"पण मग आता काय लिहायचं? देवाचं नाव घेतलेलं चालेल, असं मानकात लिहायचं? उद्या दुसरा म्हणेल माझ्या मनात बायकोशी भांडण चालू असतं, तेही धरा."

"तेही धरायचं. तुमच्या मनात काय चालू असतं?"

"माझ्या?" कंपनी जरा गडबडला. "माझ्या मनात या बैठका चालू असतात. रविवारीसुद्धा."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी टेबलावर बोट आपटलं. "बाई, तुम्ही बाहेर बसा आता."

बाहेर व्हरांड्यात एक पाण्याचं यंत्र होतं, मधूनच गुडगुडणारं. बाई त्याच्याशेजारी बसल्या. दारातून आवाज यायचे, शब्द कळायचे नाहीत. डॉक्टरीणबाईंचा चढा आवाज, मग खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग काही नाही. चार वर्षं त्या दाराच्या आतून लोकांचे शब्द त्यांनी वेचले होते, आणि आज स्वतःच्या भावाचं ठरत असताना एक अक्षर कानावर येईना. त्यांना रडू आलं नाही. नुसते पाय दुखत होते. त्यांनी चपला काढून पाय थंड फरशीवर ठेवले. वडील म्हणायचे तसं त्या म्हणू पाहत होत्या, पण 'तू आहेस ना' इथवर आलं की पुढचं ओठावर येईना. कारण 'मग झालं' म्हणायला अजून काहीच झालं नव्हतं. दादाला हे उलटं होत असेल, त्यांना वाटलं. त्याला मधे थांबताच येत नसेल.

दार उघडलं. कंपनी आधी बाहेर आला, पाणी प्यायला. पेला भरता भरता तोंड न वळवता म्हणाला, "मी हो म्हटलं. पुण्यबिण्य समजू नका. आमच्या चाचण्यांत दहातले सहा जण अडकत होते, आणि का ते आम्हालाच कळत नव्हतं. यंत्रं पडून होती." मग पेला रिकामा केला. "तुम्ही हे आधी सांगायला हवं होतं."

"मला आधी कळलं नाही."

"मलाही नाही. व्याख्या माझीच होती." आणि तो निघून गेला.

देव कुणाच्या हाताने दार ढकलेल, काही सांगता येत नाही. कधी तो हात हिशेबी माणसाचा असतो. आपण दार उघडलं एवढं पाहावं.

मागून डॉक्टरीणबाई आल्या आणि बाईंच्या शेजारी बसल्या. "झालं. 'निवांत बसलेली' परत आलं. उद्यापासून लागू."

"आणि मी?"

"महिनाअखेरपर्यंत राहा म्हणाले. कामं नव्या माणसाला समजावून द्यायची." त्यांनी बाईंचा हात धरला. "अध्यक्षांना बोलवेना, म्हणून मी आले. नवा मुलगा हुशार आहे म्हणतात. मला 'कळ' आणि 'बटण' पुन्हा समजवायला लागणार."

दोघी हसल्या, दमलेली माणसं हसतात तसं, खांदे न हलवता.

पथक निघायच्या आदल्या दिवशी बुवांना पुन्हा टोपी घातली. तंत्रज्ञ म्हणाला, "काका, निवांत बसा. जे चाललंय ते चालू द्या." बुवांचे डोळे त्याच्याकडे असे वळले की तो ओशाळून हसला. लाटा उठल्या, खाली गेल्या, उठल्या. यंत्राने त्या ऐकल्या आणि हिरवा दिवा लावला. मग शिकवणी सुरू झाली. पडद्यावर अक्षरांचे चौकोन, हवं ते अक्षर मनाने धरायचं. पहिल्या तासात नुसते घोटाळे. 'क' म्हणता 'म' यायचा. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसून होत्या, आठ महिन्यांनी नवरा काय बोलणार म्हणून. देवाचं नाव येईल, की माझं?

पडद्यावर 'उ' आला. थांबला. मग 'श', त्याला 'ई'.

"उशी?" तंत्रज्ञ म्हणाला.

पुढे उमटत गेलं, एकेक अक्षर, धापा टाकत: उशी उंच आहे.

मग वहिनींच्या तोंडून आधी हुंदका की आधी हसू, कळलं नाही. "अगं बाई! आठ महिने मी रोज सकाळी ती झटकून झटकून फुगवून ठेवतेय! मान दुखत होती का हो?"

बुवांचे डोळे वर गेले.

"माझ्या शंभर प्रश्नांत उशी नव्हती, वन्सं," वहिनी म्हणाल्या. त्यांनी उशी काढून घडीची चादर मानेखाली सारली. बुवांनी डोळे मिटले. पण या मिटण्याला कुणी 'नाही' म्हटलं नाही. यंत्रावर त्या लाटा निवांत चालू होत्या.

गोष्ट इथे थांबली असती तर तुम्ही सुखाने उठला असता. पण बाई थांबल्या नाहीत.

खुर्चीतले शेवटचे दिवस होते. नव्या माणसाला समजावून झालं की दुपारी त्या फोन घेऊन बसायच्या. त्या रेघेपायी ज्यांना परत पाठवलं होतं, त्यांना रुग्णालय नुसतं कळवणार होतं, 'नियमात बदल झाला आहे.' बाईंना माहीत होतं, असलं वाक्य कुणी दुसऱ्यांदा वाचत नाही. म्हणून त्या स्वतः एकेकाला सांगत. "तुमचा मुलगा चुकला नव्हता. शब्द चुकला होता. पथक परत येईल तेव्हा पुन्हा घेऊन या." कुणी आनंदाने ओरडायचं, कुणी खेकसायचं, "आत्ता सुचलं का तुम्हाला?" त्या ऐकून घ्यायच्या. हे काम त्यांचं नव्हतं, कुणाचंच नव्हतं.

एका घरी मुलीने फोन घेतला. तिची आई कपडे शिवायची. हातपाय गेल्यावर तिलाही टोपीसाठी नेलं होतं, तिलाही परत पाठवलं होतं.

"आई गेली," मुलगी म्हणाली. "दोन महिने झाले."

बाईंनी हातातली यादी खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "आईंच्या मनात काय चालू असायचं, काही कल्पना आहे?"

"शिवण," मुलगी लगेच म्हणाली. "झोपेतसुद्धा बोटं हलायची तिची, आधी. मशीनचा आवाज तोंडाने काढायची, टकटकटक. आम्ही चिडवायचो." मग म्हणाली, "तिथून घरी आणलं ना, तर आठवडाभर आमच्याकडे बघेचना. सगळ्यांना शिवून द्यायची, आणि स्वतःचंच डोकं नापास झालं, असं घेतलं तिने मनाला. मी किती सांगितलं, पण ती डोळे मिटायची. तुम्ही खरंच सांगताय ना? चूक तिची नव्हती?"

"नव्हती," बाई म्हणाल्या. "माझी होती."

पलीकडे मुलगी रडत होती, आणि बाईंनी फोन ठेवला नाही. तिचं रडून होईपर्यंत त्या धरून बसल्या.

तर बाबांनो, आयांनो, आज घरी जाऊन हात जोडाल तेव्हा बुवांसाठी काही मागू नका. त्यांची उशी आता ठीक आहे, आणि बोलायला लागल्यापासून ते वहिनींना बोलूच देत नाहीत, असं ऐकतो. आठवण ठेवा त्या शिवणाऱ्या बाईची. तिला आपण कुणी पाहिलं नाही. तिचं मन रेघेच्या वर होतं, टकटकत होतं, काम करत होतं, आणि ते अगदी चांगलं होतं. हे तिला सांगायचं राहून गेलं. तुम्ही तिच्यासाठी एकदा मनात म्हणा, चूक तुझी नव्हती. जमलं तर मोठ्याने म्हणा.